बुधवारची घंटा वेळेवर का झाली?

“बाई, मधली सुट्टी संपल्याची घंटा रोज उशिरा होते. फक्त बुधवारी वेळेवर झाली.”

चौथीतल्या तनिष्काने गुरुवारी दुपारी तक्ता माझ्या टेबलावर ठेवला. सोमवारी चार मिनिटं उशीर, मंगळवारी पाच, बुधवारी शून्य, गुरुवारी चार.

बाळकुमच्या आमच्या प्राथमिक शाळेत उपक्रम सप्ताह चालू होता. कुठे हस्ताक्षर स्पर्धा, कुठे पाढे, कुठे मातीकाम. माझ्याकडे निरीक्षण होतं. प्रत्येकाने एकच गोष्ट रोज बघायची, लिहायची आणि शनिवारी तक्ता भिंतीवर लावायचा. तक्त्याला दोन रकाने. निरीक्षण म्हणजे डोळ्यांना जे दिसलं ते. निष्कर्ष म्हणजे त्यावरून जे कळलं ते. कोणी मुंग्या घेतल्या, कोणी मनीप्लांट. एकाने बाबा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून किती वाजता घरी पोचतात ते लिहिलेलं. निष्कर्ष : ‘बाबा रोज चिडतात.’

तनिष्काला वाढदिवसाला डिजिटल घड्याळ मिळालेलं, म्हणून तिने घंटा घेतली.

मला मजा वाटली. आधी तिचं घड्याळ माझ्या मोबाइलशी ताडून पाहिलं. बरोबर. मग ऑफिसमधलं भिंतीवरचं. तेही बरोबर. राहिल्या सुनंदा मावशी. त्या आमच्या शाळेच्या सेविका, कंत्राटावरच्या. झाडलोट, पाणी, घंटा सगळं त्यांच्याकडे. म्हणजे मावशीच आळस करतात, असं मी ठरवून टाकलं. कल्याणहून येणाऱ्या माझ्यासारखीने दुसऱ्याच्या उशिरावर बोलावं म्हणजे कमालच, पण माझ्या जिभेला हाड नाही. शाळा सुटल्यावर चहा पिताना स्टाफरूममध्ये मी हे गंमत म्हणून सांगितलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मागेच उभ्या होत्या.

“शनिवारी विस्तार अधिकारी तपासणीला येणारेत,” त्या म्हणाल्या. “त्यांना भिंतीवर हे वाचायला देऊ? या मावशींना कितीदा सांगितलंय घंटेचं. उद्या कंत्राटदाराला फोन करते, बाई बदलून द्या म्हणून.”

“मॅडम, चार मिनिटांसाठी?”

“तुम्हीच तर आणलंत ना मोजून.”

मी कप खाली ठेवला. मावशींचं घर या नोकरीवर चालतं, हे मला चांगलं माहीत होतं. स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी मी तनिष्काला विचारलं, “निष्कर्ष कोरा का ठेवलास? मार्क जातील.”

“मला माहीतच नाही ना बाई, उशीर का होतो ते.”

“मावशी उशिरा वाजवतात, अजून काय?”

“पण बुधवारी पण मावशीच होत्या ना.”

बुधवारचं शून्य मीही पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. ती नेमकी त्याच्यावरच अडून बसली होती.

“मग बुधवारी काय वेगळं होतं गं?”

तिने तक्त्याच्या मागे यादीच केली होती. “मातीकाम होतं. दुसरीच्या बाई रजेवर होत्या. आणि पहिलीचा वर्ग पोस्ट ऑफिस बघायला गेलेला.”

मधल्या सुट्टीत आम्ही दोघी ऑफिसच्या दाराशी जाऊन उभ्या राहिलो. मावशी हातोडी घेऊन घंटेपाशी आल्या, अगदी वेळेवर. पण वाजवेनात. घड्याळाकडे बघतही नव्हत्या. त्यांची नजर नळांकडे होती. तीन नळांपैकी एकच चालू आणि खिचडी खाऊन पहिलीची रांग तिथे हात धुवायला उभी. शेवटच्या मुलीने हात धुतले, फ्रॉकला पुसले, पायऱ्या चढून ती वर्गात शिरली. मग घंटा झाली. चार मिनिटं.

तनिष्का सरळ त्यांच्याकडे गेली. “मावशी, तुम्ही यांच्यासाठी थांबता?”

“मग काय करू गं पोरी? घंटा ऐकली की ही बारकी सुसाट सुटतात. पायऱ्या ओल्या. मागे एक आपटलेला, दात पडला त्याचा. दुधाचा होता, पण रक्त ते रक्तच ना.”

“मोठ्या बाईंना का नाही सांगितलंत हे?” मी विचारलं.

“त्यांनी ‘का’ असं विचारलंच नाही कधी. उशीर करू नका, एवढंच म्हणाल्या.”

तनिष्काने तिथेच भिंतीला तक्ता टेकवून निष्कर्ष लिहिला : ‘नळ एकच चालू आहे म्हणून घंटा उशिरा होते.’ मी तो तक्ता घेऊन तडक मोठ्या बाईंकडे गेले. पायऱ्यांचं सांगितलं, पडलेल्या दाताचं सांगितलं आणि चूक माझी होती हेही सांगितलं. त्यांनी तक्ता दोनदा वाचला. मग फोन उचलला आणि कंत्राटदाराऐवजी प्लंबरला लावला.

शनिवारी तक्ता भिंतीवर लागला. तनिष्काचा दुसरा नंबर आला, पहिला मुंग्यांना गेला. आता तिन्ही नळ चालतात आणि घंटा वेळेवर होते. ती सुनंदा मावशीच देतात.

मी त्या तक्त्यात आता तिसरा रकाना वाढवलाय, निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्या मधोमध : ‘कोणाला विचारलं?’ मुलं तो न सांगता भरतात. स्टाफरूममध्ये आम्हाला अजून आठवण करून द्यावी लागते.