सेल्फ मारला की शून्य

माझा स्वभाव तापट. वय झालं तरी उतरला नाही. त्या दिवशी तो नसता तर मी शेठच्या आवारात तोंडच उघडलं नसतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. बाबा रत्नागिरीतल्या एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. बर्फात घातलेली मासळी घेऊन घाट चढायचा, कोल्हापूर गाठायचं, परत यायचं. बावीस वर्षं हेच. एकदा रात्री साखरप्याला चहासाठी सपाटीवर थांबले, तिथेच तासभर डोळा लागला. उठून सेल्फ मारला तर नुसतं कट्‌ कट्‌. भरलेला ट्रक ढकलणार कोण? सकाळी मेकॅनिक दुसरी बॅटरी घेऊन आला, केबल जोडल्या आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. तोवर मासळी गेली होती.

शेठने निकाल देऊन टाकला. दिवे चालू ठेवून झोपला, बॅटरी उतरवली. किल्ली काढून घेतली आणि बंदरभर तेच सांगत सुटला. आता दुसरा कुठला मालक बाबांना गाडीवर बसवणार होता? बाबा एकच वाक्य बोलत राहिले, "दिवे मी विझवले होते." मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे, माझा बाबांवर पूर्ण विश्वास आहे. पण छप्पन्न वय, रात्रीची जागरणं, हल्ली चष्माही कुठे ठेवला ते आठवायचं नाही. रात्री अंथरुणात पडलं की नको ते मनात यायचं.

मी तेव्हा एका तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. मुंबईहून मागवलेल्या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर मी एक पेटी जुळवली होती. गाडीला वायरी जोडल्या की ती दोन ठिकाणचे व्होल्ट एकदमच मोजायची. बॅटरीतून निघताना किती, आणि सेल्फच्या मोटरीपर्यंत पोचताना किती. त्यातला सगळ्यात खालचा आकडा ती लाल अक्षरांत धरून ठेवायची. दोन्ही आकडे पडले तर बॅटरीच उतरलेली, म्हणजे बाबांची चूक. पहिला टिकला आणि दुसरा पडला तर दोष मधल्या जोडणीत, गाडीचा. मी तरातरा शेठकडे गेले आणि म्हणाले, "माझं यंत्र सांगेल कोण खोटं बोलतंय ते." शेठ म्हणाला, "शुक्रवारी सकाळी आणा. चारला देवरुखचा नवा ड्रायव्हर येतोय, त्याच्या आधी काय ते सिद्ध करा."

पेटीची चाचणी आम्ही घराखालच्या उतारावर घेतली, बाबांच्या मित्राच्या टेम्पोवर. बाबा बसले, ब्रेक सोडला, गाडी घरंगळली, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, इंजिन घुरघुरलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा आकडे ठाम. मी खूश!

शुक्रवारी आवारात शेठ, त्याचा मेकॅनिक आणि चार हमाल जमले. पेटीला लागणारी वीज मी ट्रकच्या केबिनमधूनच घेतली. मी हात वर केला, बाबांनी सेल्फ मारला. इंजिन कण्हल्यासारखं एकदा फिरलं आणि पेटीवर शून्य. पुन्हा मारला, पुन्हा शून्य. तिसऱ्यांदाही तेच.

"वा!" शेठ हसला. "यंत्रपण झोपलं की हो, मॅडम. बापावरच गेलंय."

हमाल हसले. बाबा स्टिअरिंगकडे बघत बसले होते. माझ्या कानशिलाच्या शिरा उडायला लागल्या. "चारला येते," एवढंच बोलले आणि पेटी उचलली.

तंत्रशाळेत पोचेपर्यंत डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. टेम्पोवर आम्ही एकदाही सेल्फ मारला नव्हता! आमच्याकडे गाडी लावायची ती उताराला, आणि सुरू करायची ती सोडून. उतार असताना सेल्फला हात लावणं बाबांना उधळपट्टीचं वाटायचं. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण लहानपणापासून मी तेच बघत आले होते. सेल्फची मोटर फिरताना इतका करंट ओढते की केबिनमधले व्होल्ट धाडकन खाली येतात. पेटीतल्या चिपला पाच व्होल्ट लागतात. ते क्षणभर कमी पडले तरी ती सगळं विसरून पहिल्यापासून सुरू होते. ज्या क्षणासाठी पेटी बनवली, नेमक्या त्याच क्षणी ती डोळे मिटत होती.

साडेअकरा वाजले होते. प्रयोगशाळेतल्या वीजपुरवठ्याची कळ फिरवून मी बारा व्होल्ट झटकन सहावर आणले. शून्य. मोठा कपॅसिटर बसवला, म्हणजे त्यात साठलेली वीज तेवढी वेळ निभावेल. निभावली नाही, लाल आकडेच ती गिळून टाकत होते. दुसरा कपॅसिटर जोडला, तरी शून्य. दीड वाजला. सोल्डरिंगच्या कावियाचा चटका बसला, तोंडातून शिवी गेली. मग सुचलं. बाजारातून टॉर्चचे सहा सेल आणले, ओळीने जोडले आणि एका डायोडमधून पेटीला दिले. गाडीचे व्होल्ट चांगले आहेत तोवर डायोड सेलना गप्प ठेवणार. ते खाली पडले की सेल पुढे येणार. कळ पुन्हा सहावर फिरवली. आकडे थोडे मंदावले, पण राहिले. वीस वेळा फिरवली. मग मात्र पळत सुटले.

आवारात पोचले तर देवरुखचा माणूस येऊन बसलेला, किल्ली त्याच्या हातात. "एकदाच," मी म्हणाले. शेठने घड्याळ बघितलं आणि मान हलवली. बाबा त्याच्याकडून किल्ली घेऊन केबिनमध्ये चढले. पेटी टिकेल की नाही, ही भीती होतीच. पण खरं सांगते, ती टिकून दोन्ही आकडे पडलेले दिसले तर काय, ही त्याहून मोठी होती.

बाबांनी सेल्फ मारला. आकडे लुकलुकले आणि थांबले. बॅटरीपाशी साडेअकरा. मोटरीपाशी सहासुद्धा नाही.

मेकॅनिकने वाकून पाहिलं आणि तो गाडीखाली शिरला. बॅटरी आणि गाडीचा लोखंडी सांगाडा जोडणारी अर्थिंगची पट्टी त्याने सोडवली. वरून ग्रीस, आतून हिरवी भुकटी. त्याच्या हातातच तिचे दोन तुकडे झाले. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं तिच्यावर ठिबकत होतं. साखरप्याला दुसऱ्या बॅटरीची केबल ही पट्टी वगळून थेट सांगाड्याला लागली होती, म्हणून तेव्हा गाडी सुरू झाली होती.

शेठने गाडीतून किल्ली काढली आणि ती देवरुखवाल्याला न देता बाबांच्या पुढ्यात धरली. "उद्यापासून या," म्हणाला. माफीबिफी काही नाही. बाबांनी किल्ली घेतली.

घरी जाताना आम्ही चालत होतो. मी एकसारखी बडबडत होते, शेठचं तोंड कसं पडलं, हमाल कसे गप्प झाले. बाबा हूं हूं करत होते. चढ संपल्यावर ते दम घ्यायला थांबले.

"आकडा दिसला तेव्हा केवढा मोठा श्वास सोडलास गो," ते म्हणाले. "शेठचं मला काही नाय वाटलं. मला वाटायचं, दिवे मी विझवले ते तुला तरी ठाऊक हाय."