भुयारात लाइट लागले तेव्हा

मंडळी, आत्ताच घरी आलोय आणि सांगितल्याशिवाय राहवत नाहीये! लीड्सहून तासाभरावर, चक्क एका शॉपिंग सेंटरखाली दुसऱ्या महायुद्धातलं भुयार आहे. बॉम्ब पडायचे तेव्हा लोक तिथे लपायचे. पुण्याहून आलेल्या आईला घेऊन गेलो होतो.

आत गाइडबाईंनी लाइट बंद केले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना! परत लागले, तर आईचे हात जोडलेले. सवयीने माझेही!

"प्रार्थना?" गाइडबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे संध्याकाळी दिवा लागला की हात जोडतात," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "माझी आई लहानपणी इथेच झोपायची. शेवटपर्यंत तिने खोलीतला दिवा मालवू दिला नाही."

घरी येऊन स्विच दाबला आणि आज मुद्दाम हात जोडले. तुम्ही जोडता अजून?