मडकेकाकांचे पाणी

मडकेकाका सोसायटीच्या मीटिंगला कधी रिकाम्या हाताने आले नाहीत. एका हातात मातीचे मडके, दुसऱ्या हातात तसेच दुसरे, आणि मागून गुडघे सांभाळत पाण्याचा तांब्या घेऊन काकू. एक मडके स्टुलावर ठेवायचे, एक खाली. वरच्या मडक्याच्या बुडाशी भोक पाडून त्यात बॉलपेनची रिकामी नळी मेणाने बसवलेली होती. कुणी बोलायला उभे राहिले की काका नळीवरचे बोट काढत आणि पाण्याची बारीक धार खालच्या मडक्यात पडू लागे. धार संपली की बोलणे संपवायचे. चेअरमनपासून तळमजल्यावरच्या आजींपर्यंत, दर फ्लॅटला एक मडके. साधारण सहा मिनिटे मिळत.

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना ‘मटकेवाले अंकल’ म्हणत. मराठी घरे दोनच, त्यांचे आणि माझे, म्हणून माझ्यापुरते ते मडकेकाका. मूळचे भंडाऱ्याकडचे, एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी इतरांच्या मीटिंगांची मिनिट्स लिहिण्यात गेली. “साहेब पाऊण तास बोलायचे, आणि ज्याला खरं माहीत असायचं तो क्लार्क चहा वाटत फिरायचा,” असे ते सांगत. नोकरी करता करता त्यांनी बाहेरून इतिहासात एम.ए. केले, आणि तिथे त्यांना अडीच हजार वर्षांपूर्वीचे अथेन्स भेटले. त्या शहराच्या कोर्टात असेच मडक्यातल्या पाण्यावर मोजून दोन्ही बाजूंना बोलू देत. आपल्याकडे इतिहासाची आवड म्हटले की लोक किल्ल्यांवर जातात. काका मात्र अथेन्सच्या लोकांविषयी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंविषयी बोलावे तसे बोलायचे, आणि म्हणायचे ‘आपले अथेन्सवाले’.

पहिल्या वेळी सेक्रेटरीसाहेब फार हसले. उंचापुरा, गडगडाटी आवाजाचा माणूस, एकट्या पार्किंगवर अर्धा तास बोलणारा. “अंकलजी, मोबाइल में टाइमर होता है,” ते म्हणाले.

“होता है. पर वो सिर्फ आपको दिखता है,” काका म्हणाले. “पानी सबको दिखता है.”

मीटिंगच्या रविवारी काका सकाळपासून अंगात आल्यासारखे फिरत. अथेन्समध्ये सभा भरायची वेळ झाली की लाल रंगात भिजवलेला दोर दोन्ही टोकांनी धरून बाजारातली रेंगाळणारी माणसे सभेकडे हाकत, आणि ज्याच्या कपड्याला रंग लागेल त्याला दंड होई. ही गोष्ट काकांनी पार्कात पत्ते कुटणाऱ्या मंडळींना इतक्यांदा सांगितली होती की ते नुसते “चलो चलो, रस्सी आ रही है” म्हणाले तरी डाव आवरला जाई. दंड कुणाला झाला नाही. पण एकदा होळीच्या आदल्या रविवारी त्यांनी खरोखरच सुतळी गुलालात बुडवून आणली, आणि काकूंनी ती गेटवरच काढून घेतली.

अथेन्सचे कौतुक फार झाले की काकूच त्यांना जमिनीवर आणायच्या. “तुमच्या अथेन्समध्ये मला काय काम मिळालं असतं?” असे एकदा त्यांनी पोळ्या लाटता लाटता विचारले. काका म्हणाले, “मडकं भरायचं. बायकांना बोलायला उभं करत नव्हते. गुलामांनाही नाही. बाहेरगावहून येऊन राहिलेल्यांनाही नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “त्यांचं मडकं चांगलं होतं पोरी. माणसं मोजायला चुकले ते.”

बाहेरगावहून येऊन राहिलेली म्हणजे मीच. मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होते, एकटी राहत होते, भाड्याने. दुसऱ्या शिफ्टनंतर कंपनीची बस मला गेटवर सोडायची तेव्हा उशीर झालेला असे, आणि तेवढ्यावरून बोलणारे बोलत. एका जानेवारीत लिफ्टशेजारच्या बोर्डावर मीटिंगची विषयपत्रिका लागली. तिसरा विषय होता: यापुढे एकट्या मुलींना फ्लॅट भाड्याने देऊ नये, आणि असलेल्यांनी महिन्याभरात सोडावा. अशी ‘असलेली’ मी एकटीच होते. सहा घरांनी नाही म्हटल्यावर मला हे मिळाले होते. आता आठव्यासाठी पाय उचलायची माझ्यात ताकद नव्हती.

मी काकांकडे गेले. “काका, तुम्ही बोला ना माझ्या बाजूने. तुमचं ऐकतात सगळे.”

“मी काहून बोलू?” काका म्हणाले. “घर तुझं चाललंय.”

“पण भाडेकरूंना बोलूच देत नाहीत.”

“माझं पाणी घे. अथेन्सवाले आपल्या पाण्यातलं दुसऱ्याला बोलायला देत.”

मला माहीत होते की त्या मीटिंगला काका मीटिंगच्या हॉलपाशी उतार बांधून मागणार होते. काकूंना तिथल्या तीन पायऱ्या आता चढवत नव्हत्या, आणि हा विषय दोनदा मागे पडला होता. मी काकूंकडे बघितले. “घे गं,” त्या म्हणाल्या. “माझे गुडघे काही पळून जात नाहीत.”

मीटिंगमध्ये मी उभी राहिले तसे सेक्रेटरीसाहेब गरजले, “किरायेदार नहीं बोल सकते.”

“बोल तो मेरा पानी रहा है,” काका शांतपणे म्हणाले. “एक फ्लैट को एक मटका, यही तय हुआ था. मुँह किसका होगा, यह कहाँ लिखा है?” पार्कातली पत्तेवाली मंडळी हसली, आणि काकांनी नळीवरचे बोट काढले.

सुरुवातीला मी बरे बोलले. माझी शिफ्ट, माझी बस, माझे वेळेवर भरलेले मेंटेनन्स. मग आईवर आले. आई रोज फोन करून आधी जेवलीस का विचारायची, त्या आठवड्यात ती आधी “घर आहे ना अजून?” विचारत होती. एवढे सांगितले आणि मला रडू आले. समोर पन्नास माणसे, खाली धारेचा आवाज, आणि मला एक शब्द फुटेना. पाणी चालले आहे एवढेच कळत होते. आणि मग धारेचा आवाज थांबला.

काकांनी नळीवर बोट ठेवले होते. जानेवारीच्या त्या गार पाण्यात ते कितीतरी वेळ वाकून तसेच बसून राहिले, माझ्याकडे न बघता. माझा श्वास जागेवर आला तेव्हा त्यांनी बोट काढले, आणि मी उरलेले बोलले. सेक्रेटरीसाहेबांचा हात माझ्या विरोधात वर गेला, पण प्रस्ताव चार हातांच्या फरकाने पडला. उतार त्या वर्षीही झाला नाही.

त्या संध्याकाळी मडकी धुताना मी विचारले, “अथेन्समध्ये असं पाणी थांबवायचे?”

“कायदा वाचून दाखवताना थांबवायचे. रडताना थांबवत की नाही, काही वाचनात नाही.” मग मडके पालथे घालत ते म्हणाले, “माझ्या बाबांना गावात पाणी वरून ओतत. ओंजळीत पडेल तेवढं त्यांचं, बाकी मातीत. अथेन्सचं हे मडकं वाचलं तेव्हा मी रात्रभर जागा होतो. सगळ्यांना सारखं पाणी, म्हटलं, कुणाच्या डोक्यात तरी आलं होतं.” हे त्यांनी मला एकदाच सांगितले. मीही पुन्हा विचारले नाही.

मागच्या थंडीत काका गेले. दुपारी पेपर वाचता वाचता, कुणाला त्रास न देता. माझ्यावर त्यांनी वडिलांसारखी माया केली, हे त्यांना सांगायचे राहून गेले.

शोकसभेला काकूंनी मडकी पाठवली. त्याआधीच्या पावसाळ्यात झालेल्या उतारावरून त्या स्वतः चालत आल्या. सगळे एकेक मडके बोलले. माझे नाव पुकारले तेव्हा मी अजून भाडेकरूच आहे, हे कुणी काढले नाही. मी उभी राहिले, “काका” म्हटले, आणि पुढे काही येईना. धार पडत होती. मी तिच्याकडेच बघत राहिले. आता मध्ये बोट घालणारे कुणी नव्हते.

आवाज थांबला. सेक्रेटरीसाहेब स्टुलापाशी गुडघे टेकून बसले होते. त्यांचे जाड बोट नळीवर होते, घड्याळाचा पट्टा भिजला होता, आणि ते भिंतीकडे बघत होते.

“आराम से बोलो, बेटा,” ते हळू आवाजात म्हणाले.

मी वरच्या मडक्यात डोकावले. पाणी अजून बरेच होते.