रखमाच्या नाकावरचे काळे ठिपके

अमरावतीच्या आमच्या अंगणात, जिथं बायका रेच्यांवर कापसातली सरकी काढतात, किस्से गोळा करावे लागत नाहीत. सरकी निघताना कापसाचे तंतू अंगाला चिकटतात, तसे तेही चिकटतात. त्यात मी न्हाव्याची सून, बायकांना न्हाऊमाखू घालणारी. चेहऱ्यांचे किस्से माझ्याकडेच जास्त!

त्या साली कापसाला सोन्याचा भाव होता. बायका दिवसभर रेचा फिरवायच्या. तंतू टोचू नयेत म्हणून सकाळीच तोंडाला तेल चोपडायची रीत होती. महिन्याभरात सगळ्यांच्या नाकांवर काळे ठिपके! मुकादमीण सखूबाई म्हणाली, धूळ आहे. तिनं टाच घासायची वजरी घेऊन नाक घासलं. नाक सोललं, ठिपके जागच्या जागी. मग दोन दिवस ती नाकावर पदर धरून हुकूम सोडत होती.

पलीकडच्या रेच्यावरच्या सरजानं नखांनी ठिपके पिळले. सकाळी नाक भज्यासारखं फुगलेलं. नवरा म्हणाला, "काहून, कोनाशी भांडली?"

रखमाला मात्र हसू येईना. ती तरणी विधवा. तिवश्याच्या चांगल्या घरी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरला होता. त्यांचे घरचेच दोन रेचे. कुणीतरी तिकडे कळवलं की पोरीला महारोग लागतोय. होणारी सासू पंधरा दिवसांनी स्वतः बघायला येणार होती. रखमा रडायची आणि ठिपके झाकायला आणखी तेल लावायची.

मला कोडं सुटलं ते भागी म्हातारीमुळे. चिक्कूपणापायी ती तोंडाला तेलाचा थेंब लावत नसे, आणि अख्ख्या अंगणात तिचंच नाक स्वच्छ! म्हणजे रोग नव्हताच. कातडीच्या बारीक भोकांत तेल साचून काळं पडत होतं. मी रखमाचं तेल बंद केलं. रोज संध्याकाळी तोंडावर कोमट ओला फडका, मग बेसनाचा हलका हात, नख अजिबात नाही. पंधरा दिवसांत दोन-तीनच ठिपके उरले.

सासू आली. आल्यापासून पदर तोंडावर. तिनं रखमाला उजेडात नेलं, हनुवटी उचलली. अंगणातले रेचे थांबले. मी तिला तेलाची सगळी हकिगत सांगितली, भागीचं नाकही दाखवलं. तिनं भागीचं नाक जवळून निरखलं. मग म्हणाली, "पोरगी आमची." माझा जीव भांड्यात पडला.

सखूबाईनं गूळ-पाणी आणलं. ते घ्यायला सासूनं पदर खाली केला आणि नाक माझ्यापुढं धरलं.

"मले किती दिवस लागतीन वं?"