भरलेली टाकी, कोरडा नळ

बोलता बोलता काका हवेतला एक नळ सोडायचे. सोडायचे आणि खाली ओंजळ धरून बघत राहायचे. "टाकी भरली म्हणजे नळाला पाणी आलं, असं नसतं सेक्रेटरीबाई."

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी, म्हणजे पाण्यावरून शिव्या खायचं काम माझं. एकदा टाकी काठोकाठ भरलेली आणि सातव्या मजल्याचे नळ कोरडेठाक. पाइपात हवा अडकलेली. सगळे माझ्या दारात भांडायला आले, हे काका मात्र खुशीत! "अहो, मी जन्मभर ज्यावर डोकं फोडलं, ते तुमच्या पाइपात सापडलं!"

काका एका बँकेच्या संशोधन खात्यातून निवृत्त झालेले. व्याजदर पार शून्याला टेकवूनही धंदे उठेनात, तेव्हा काही देशांच्या मध्यवर्ती बँकांनी नवा पैसा काढून सरकारी रोखे विकत घेतले आणि बँका पैशाने भरून टाकल्या. त्याने देशाची वाढ होते का, हा त्यांचा विषय. तुमच्याही सोसायटीत असेल असं कुणी, ज्याला बघून लोक लिफ्ट सोडून जिना धरतात. मी बसायचे त्यांच्याशेजारी बाकावर. माझी तरी घरी कोण वाट बघत होतं!

"मग झाला का काही उपयोग? एका वाक्यात सांगा काका. एकटीचा का होईना, कुकर लावायचाय."

"बुडणारं वाचलं. पण धावायला लागलं का म्हणाल, तर जेमतेम." पुन्हा तो हवेतला नळ. "उद्या काही बरं घडेल असा भरवसा वाटला, तरच माणूस दुकान वाढवतो, चार नोकर ठेवतो. भरवसा वरून ओतता येत नाही हो."

त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशात. काकू गेल्यापासून त्याने ओतायला काही कमी केलं नाही. गेटवर सारखी पार्सलं: सुकामेवा, रक्तदाब मोजायचं यंत्र, घरभर फिरून केर काढणारी तबकडी. ती पायाशी आली की काका तिलाच म्हणायचे, "या, बसा." मी हसायचे.

मुलाने एकदा यावं, एवढंच त्यांना हवं होतं. तो दर वर्षी "बघतो" म्हणायचा. आणि दर उन्हाळ्यात काका त्याच्या खोलीतल्या एसीचं सर्व्हिसिंग करून घ्यायचे. स्वतः हॉलमध्ये पंख्याखाली झोपायचे.

"वापरतं कोण तो एसी? उगाच कशाला काका?"

"परिणाम उशिरा दिसतो. तोवर आपण तयारी सोडायची नाही."

यंदाही मेकॅनिक येऊन गेला. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी काकांनी दार उघडलं नाही. झोपेतच गेले, डॉक्टर म्हणाले.

मुलगा आला. चांगला आहे हो पोरगा, वाईट कसं म्हणू! दिवस होईपर्यंत राहिला. निघताना किल्ली द्यायला माझ्याकडे आला, तेव्हा डोळे सुजलेले होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "मावशी, माझ्या खोलीतला एसी अगदी नव्यासारखा चालतो. बाबा तिथे झोपायचे का?"

"नाही रे. ते पंख्याखाली."

"मग तिथे कोण?"

"कुणी नाही. तू येशील म्हणून," मी म्हटलं. "दर उन्हाळ्यात."