परत मागितलेलं वाण

उदगीरच्या आमच्या गल्लीत शिवकांताअक्काला झोप यायची नाही, तेव्हा गल्लीलाही सुख नव्हतं. रेवणप्पाचा पोरगा किती वाजता घरी आला, कुणाच्या नवरा-बायकोत अबोला चाललाय, सगळं अक्काला खिडकीतून ठाऊक. मग एका भाचीच्या सांगण्यावरून तिनं आस्कंद, म्हणजे अश्वगंधेची पूड, दुधातून घ्यायला सुरुवात केली. काय सांगावं, थोड्याच दिवसांत अक्का चक्क घोरायला लागली. चेहऱ्यावर तकाकी आली, चिडचिड गेली. गल्लीतली तरणी पोरं तर त्या पुडीला मनोमन हात जोडत होती.

अक्का इथंच थांबती तर बरं होतं. पण आपल्याला मानवलेलं चार जणींच्या घशाखाली उतरवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायकांनी चाळण्या, रुमाल, साबणाच्या डब्या लुटल्या. अक्कानं मोंढ्याच्या बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून सुटी पूड आणली, छोट्या डब्यांत भरली, वर हळदकुंकवाची बोटं ओढली आणि आल्या सवाशिणीच्या ओटीत घातली.

"प्लास्टिकनं घर भरतंय, ह्यानं अंग भरंल. बिनघोर खा. झाडपाल्यानं कुणाला अपाय झालाय का आजवर?"

वाण नाकारायचं नसतं. वर अक्का दारात गाठून विचारायची, "घेऊन राहिलीस ना गं?" कोण नाही म्हणणार?

रथसप्तमी झाली न झाली तोच शेजारच्या कमलम्माच्या छातीत धडधड सुरू झाली. हात थरथरायला लागले, बसल्या जागी घाम. पोरानं दवाखान्यात नेऊन घातलं. अक्का जेवणाचा डबा घेऊन पोचली, तेव्हा डॉक्टरीणबाई विचारतच होत्या, "थायरॉईडच्या गोळीबरोबर आणखी काय घेताय, काकू?"

कमलम्मानं सलाईनच्या हातानंच अक्काकडं बोट केलं. "हिनं दिलंय की!"

"मला तर त्यानंच झोप लागली, बाई," अक्का चाचरत म्हणाली.

"लागली असेल. झोपेला, ताणाला कुणाकुणाला फरक पडतो त्यानं, मी कुठं नाही म्हणते? पण ज्याचा गुण येतो, त्याचा अवगुणही येऊ शकतो. थायरॉईडच्या गोळीवर हे घेतलं की कुणाकुणाचं काळीज असं पळत सुटतं. लिव्हरचं दुखणं असेल, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील, तर विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. गरोदर बाईनं तर शिवायचंसुद्धा नाही. आणि सुट्या पुडीत काय काय मिसळलंय, सांगता येईल तुम्हाला?"

ज्या अक्काला गल्लीतल्या प्रत्येक घरचं भांडण माहीत, तिला कोणत्या घरात कसली गोळी चालू आहे ते माहीत नव्हतं.

दिलेलं वाण परत मागणं म्हणजे दिलेलं सौभाग्यच काढून घेणं, असं आमच्याकडं मानतात. असलं कुणी केल्याचं ऐकिवात नाही. तरी अक्कानं पदर खोचला आणि दारोदार निघाली. बायकांना काय, आयतीच करमणूक.

"का अक्का, पुढच्या संक्रांतीला हेच वाटायचंय का?"

"मी म्हशीला घातली, अक्का. दुधाचा थेंब वाढला न्हाई."

शिवप्पाच्या बायकोनं तर डबी पदराखाली घेतली. "सासूला देऊन राहिलेय. म्हातारी लई निवांत पडती. तेवढं तरी राहू दे की मला!"

"अगं, तिला शुगरच्या गोळ्या हायत!"

"मग तू येऊन सांभाळ तिला," म्हणत तिनं दार लोटलं.

संगम्माच्या दारात तर ऐकून घ्यायलाच कुणी तयार नाही. घरात नवी सून, अक्षता. संगम्मा कडाडली, "नव्या सुनेच्या घरातनं वाण उचलायला आलीस? लाज हाय का न्हाई?"

"शिव्या दे, पण डबी दे."

"संपली! पोरीला रोज दुधातनं देऊन राहिले. अन्न ठरंना तिच्या पोटात, तोंड सुकून गेलंय, म्हनून..." संगम्मानं जीभ चावली. मग आवाज उतरला. "तिसरा महिना लागल्याबिगर कुणाला सांगायचं न्हाई, म्हनून गप होते."

आवाज ऐकून अक्षता बाहेर आली. "काय झालं, अक्का? मी तर एक दिवससुद्धा चुकवला नाही. तुमचं वाण होतं ना."

"पोटुशीनं ती पूड शिवायचीसुद्धा न्हाई, डॉक्टरीणबाई म्हणाल्या," अक्कानं सांगून टाकलं. ते ऐकताच संगम्मानं चप्पलसुद्धा घातली नाही, रिक्षाच बोलावली; अक्काही तिच्यात चढली.

सोनोग्राफीत बाळाचे ठोके लागले. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आज ठीक आहे. पूड आत्तापासून बंद. रक्त दिसलं, पोटात दुखलं तर तडक या. नाहीतर ठरल्या दिवशी पुन्हा बघू. पुढचं आज मी सांगू शकत नाही."

परतताना संगम्मानं सुनेला धरून रिक्षात बसवलं. आत अक्कापुरती जागा होती, पण कुणी सरकलं नाही. अक्षतानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. रिक्षा गेली.

अक्का पायीच गल्लीत शिरली. स्वतःच्या घराकडं न वळता शिवप्पाच्या दारात गेली आणि बंद दाराची कडी वाजवत राहिली.