तांदळातलं नाव

बासमतीची नवी पिशवी उघडली, की त्या कोरड्या वासाने मला लंडनमधल्या ईलिंगच्या हॉलमधलं भाचीचं लग्न आठवतं. नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं होतं, आणि ते त्याच्या आईने आधीच ठरवलं होतं. सकाळी मेकअप करताना भाची म्हणाली होती, “मावशी, मला माझंच नाव हवंय, पण प्लीज, सीन नको.” सीन नको? मग मावशी असते कशाला! ताट धरायचा मान माझा होता. त्याने नाव लिहिलं, माझा हात हलला, नाव गेलं. “अगंबाई, सॉरी हं!” त्याने पुन्हा लिहिलं, मी जोरात शिंकले. विहीणबाई म्हणाल्या, “अहो, ताट खाली ठेवा ना!” मी म्हटलं, “छे हो, मला कसला त्रास!” तिसऱ्यांदा अंगठी उचलून त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हळूच विचारलं, “तुझंच लिहू?” ती हसून हो म्हणाली, आणि माझा हात दगडासारखा स्थिर झाला. विहीणबाई अजून मला कापऱ्या हाताची मावशी म्हणतात. म्हणू देत. माझ्या लग्नात ताट धरणारीचा हात जराही हलला नव्हता, आणि तेव्हापासून मी त्या नव्या नावालाच ओ देते आहे.